सशाच्या केसांवरचा हिरवा रंग

त्या मॅडम आमच्या कॉलेजात कशासाठी आल्या, ते मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

कागदावर सगळं नीट होतं. परभणीच्या आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना संशोधनाची वाट दाखवायची होती. माणसांची औषधं माणसांपर्यंत पोचण्याआधी सशा-उंदरांवर तपासली जातात. त्या प्राण्यांना सांभाळणारे, त्यांचं दुखणं ओळखणारे डॉक्टर लागतात आणि ते आपल्याकडे फारसे तयार होत नाहीत. म्हणून मोठ्या शहरात औषध-संशोधनात आयुष्य घालवलेल्या या मॅडम काही महिने आमच्याकडे राहून मुलांना शिकवणार होत्या. प्राचार्यांनी मला त्यांच्याबरोबर काम बघायला सांगितलं.

मी विकृतिशास्त्र शिकवतो. मेलेलं जनावर उघडून ते कशानं मेलं हे सांगणं, हे माझं काम. या कामात माणूस आपोआप संशयी होतो. मालक सांगतो साप चावला, आणि पोट उघडलं की युरियाचा वास येतो. त्यामुळं एवढी शिकलेली, नाव कमावलेली बाई, भर उन्हाळ्यात, जिथं दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही अशा आमच्या गावात नुसती पोरांना शिकवायला येते, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. मला वाटलं, कुठल्यातरी कंपनीला स्वस्तात पोरं हवी असतील. किंवा मोठ्या शहरात जी परवानगी मिळत नाही ती इथं मिळेल असा हिशेब असेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या आमच्या समितीत मीही होतो. म्हणून मी डोळे उघडे ठेवायचं ठरवलं.

मुलं निवडताना त्यांनी गुणपत्रिका बाजूला सारल्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारलं, "तुमच्या घरचं जनावर मेलं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मुलं गोंधळली. कुणी म्हणालं हॉस्टेलवर होतो, कुणी म्हणालं रडत होतो. बोरीहून आलेल्या एका मुलीनं सांगितलं, "म्हशीजवळच होते. आप्पांनी बाहेर काढलं मला. मग गोठ्याच्या मागच्या झरोक्यातून बघितलं."

"काय बघितलं?"

"शेवटी ती कान कशी हलवत होती ते."

मॅडमनी तिला घेतलं. मुलगी हुशार होती, यात शंका नव्हती. पण मला तो प्रश्नच विचित्र वाटला. त्यातून कळणार काय, ते कळेना, आणि जे कळत नाही त्यामागं काहीतरी असतं असं मला वाटत आलंय.

पुढच्या आठवड्यात मुलीचे वडील कॉलेजात आले. ती त्यांना आप्पा म्हणायची. पांढरा सदरा, पायात धुळीनं भरलेल्या चपला, खांद्यावर टॉवेल. माझ्या केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, रागावू नका, पन एक इचारायचंय. पोरगी फोनवर म्हनती, सशाचं काम शिकायलेय. म्या तिला ढोरांचं डॉक्टर व्हायला धाडली. हे सशाचं काय हाय?"

मी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावायचं एक नवं जेल आहे. ते सशांवर तपासायचंय. सशाला भूल देऊन पाठीवर छोटी जखम करायची, काहींना जेल लावायचं, काहींना नुसतं सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज, आणि कोणाची जखम लवकर भरते ते बघायचं. ते मान हलवत होते, पण त्यांचे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते.

"गावात लोकं काय काय बोलायलेत," ते म्हणाले. "कुनी म्हनतंय रक्त काढून इकतेत. मला दावता का एकदा?"

मी त्यांना प्राणिगृहात नेलं. मुलगी तिथंच होती, तोंडाला मास्क लावून पिंजरे साफ करत होती. वडलांना बघून ती जरा दचकली. ससे नुकतेच आणले होते, जखमा अजून केल्या नव्हत्या. आप्पा एकेका पिंजऱ्यासमोर थांबले. बाजारात शेळी बघावी तसे वाकून त्यांनी डोळे, पाय, खुराक बघितला.

"लय निगुतीनं ठिवलेत," ते म्हणाले. आणि मग, "बरे झाल्यावर काय करता ह्यांचं?"

मी म्हणालो, "प्रयोग संपला की त्यांना सॅक्रिफाइस करतात."

"म्हंजी?"

आमच्या धंद्यात सगळे हाच शब्द वापरतात. मीही कित्येक वर्षं वापरतोय. त्याला मराठी शब्द कोणता सांगावा याचा विचार मी करत होतो, तेवढ्यात मुलीनं मास्क खाली केला.

"मारतो, आप्पा. भुलीचं औषध जास्त देऊन. मंग कातडी आतून कशी भरली ते बघतो."

आप्पा माझ्याकडे वळले. "त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मारनं असा हाय का?"

"बळी असा हाय," मुलगी म्हणाली.

"बळी कुनाला तरी देतेत. जत्रंत देवीला देतेत. ह्यो कुनाला?"

"भाजलेल्या मानसाला."

"त्यो मानूस कुठंय?"

आप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि मुलीला म्हणाले, "शीक. पन मला खरं सांगत जा." मला राम राम घालून ते निघाले. चहाला थांबले नाहीत. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण पोरीला परत न्यावं एवढा अविश्वासही नव्हता.

प्रयोग सुरू झाला. मॅडमची शिस्त कडक होती. ड्रेसिंग करणाऱ्या मुलांना कोणता ससा कोणत्या गटात ते माहीत असायचं. जखम मोजणाऱ्याला, म्हणजे मला, ते कळता कामा नये असा त्यांचा दंडक होता. "माणसाला जे हवं असतं तेच त्याच्या डोळ्याला दिसतं," असं त्या म्हणायच्या. मोजायच्या आधी मुलं पट्टी काढून, जखम पुसून ससा माझ्यापुढं ठेवायची.

काही दिवसांतच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काही सशांच्या जखमेच्या कडेला, पांढऱ्या केसांवर, फिकट हिरवी झाक होती.

जखमेत हिरवं दिसलं की आमच्या डोक्यात आधी एकच येतं. एक जंतू असतो, त्याचा पू हिरवा येतो. तो एकदा प्राणिगृहात शिरला की पिंजऱ्यामागून पिंजरा धरतो. मी कुणाला न बोलता कापसाच्या काडीवर नमुने घेतले आणि आमच्याच जंतुशास्त्राच्या लॅबमध्ये टाकले. तपासणीत काहीच वाढलं नाही. जंतू नाही, पू नाही, वास नाही. उलट ज्यांचे केस हिरवे होते त्याच सशांच्या जखमा झपाट्यानं भरत होत्या.

मग मी मनाशी म्हटलं, हिरवं म्हणजे जेल असणार. जेलचा गुण येतोय, चांगलंच आहे. पण एक दिवस ड्रेसिंगच्या टेबलावर जेलची ट्यूब उघडी राहिली होती. मी बोटावर घेऊन बघितलं. पाण्यासारखं स्वच्छ.

म्हणजे माझ्या सशांवर कुणीतरी दुसरंच काहीतरी लावत होतं.

माझा संशय सरळ मॅडमवर गेला. समितीला दाखवायचं एक आणि गुपचूप तपासायचं दुसरं, हे मी इतर ठिकाणी घडल्याचं ऐकलं होतं. त्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या एकट्याच प्राणिगृहात जायच्या आणि दार आतून लावून घ्यायच्या, हे मी बघितलं होतं. आणि मग सेलूला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सहज बोलता बोलता सांगितलं, "सर, तुमच्या त्या नव्या मॅडम देवगाव फाट्यावर दिसल्या होत्या. संभाजीनगरकडं जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हातात बर्फाचा डबा देत होत्या."

बर्फाच्या डब्यातून नमुने जातात. आमच्या प्राणिगृहातले नमुने, माझ्या सहीशिवाय. त्या दिवशी मी ताटावरून अर्धवट उठलो. बायकोनं विचारलं तर मी उन्हावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्राणिगृहाच्या मागच्या बाजूला गेलो. खिडकीला जाळी आहे, तिथून आत दिसतं. मॅडम पिंजऱ्यांसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हातात काही नव्हतं. मांडीवर काही नव्हतं. त्या नुसत्या बसून होत्या. मी बराच वेळ थांबलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला. त्या हलल्या नाहीत.

मग मागं न बघता हळूच म्हणाल्या, "सर, आत या. दार उघडंच आहे आज. पण बोलू नका."

मी आत गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. आधी काहीच वेगळं दिसेना. ससे अगदी नीट बसलेले, जसे रोज दिसतात तसे. हळूहळू ते आम्हाला विसरले. मग एकाचे डोळे अर्धवट मिटले, कान मागं चिकटले, गाल आत ओढल्यासारखे झाले. दुसऱ्या पिंजऱ्यातून बारीक करकर ऐकू यायला लागली. तो दात खात होता. रोज ड्रेसिंगच्या वेळी मी हे कधीच बघितलं नव्हतं.

बाहेर येऊन आम्ही कडुनिंबाखाली उभे राहिलो. त्या म्हणाल्या, "ससा माणसासमोर दुखणं लपवतो. म्हणून मी बसते. मुलांना हे शिकवायचंय, पण आधी मला माझी खात्री करायची होती." मग माझ्याकडे सरळ बघून त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही त्या जखमांवर काय लावताय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी? मी तुम्हाला हेच विचारायला आलोय."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. माझा राग त्यांना आधीपासून कळला होता. हा कार्यक्रम मला नको आहे, तो फसावा म्हणून मीच काहीतरी करतोय, असं त्यांनी धरलं होतं. हिरवी झाक त्यांनीही बघितली होती. त्यांनीही नमुने घेतले होते. आणि आमची लॅब माझ्या हातातली असेल म्हणून तपासायला बाहेर पाठवले होते, देवगाव फाट्यावरून.

"अहवाल काय आला?" मी विचारलं.

"जंतू नाहीत. वनस्पतीचे तुकडे आहेत, पानाचे."

मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. माझं तर अजून पूर्ण समाधान झालं नव्हतं. त्या खरं बोलतायत कशावरून, हेही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी तासाला त्यांनी एक वापरलेलं गॉज ट्रेमध्ये ठेवलं आणि मुलांमध्ये फिरवलं. "हे काय आहे?" एवढंच विचारलं. रागावल्या नाहीत, कारण सांगितलं नाही. ट्रे हातोहात गेला. गंगाखेडकडच्या एका मुलानं वास घेतला आणि चटकन म्हणाला, "मॅडम, हा तर दगडीपाला आहे. शेतात खुरपं लागलं की आम्ही ह्याचाच रस पिळतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बांधावर उगवतो, सगळ्यांना माहीत.

ट्रे बोरीच्या मुलीपाशी आला. तिनं वास घेतला नाही. तिनं तो खाली ठेवला आणि उभी राहिली.

"मी लावला," ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "कुणाला?"

"ज्यांना नुसतं गॉज होतं त्यांना. बाकीच्यांना जेल मिळायचं. यांना काहीच नव्हतं."

"कधीपासून?"

"रविवारी प्राणिगृहात थांबायची माझी पाळी होती. कुणी नव्हतं म्हणून मी तिथंच बसून अभ्यास करत होते. ते दात खायला लागले. पहिल्या दिवसाचं वेदनाशामक संपल्यावर त्यांना काही द्यायचं नाही, असं प्रयोगाच्या आराखड्यात लिहिलेलं होतं. हॉस्टेलच्या मागं पाला आहे. त्या दिवसापासून लावत होते."

मी विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ऐकलं असतं का, सर? मला वाटलं तुम्ही मला काढून टाकाल आणि ते तसेच राहतील."

म्हणजे संशय आम्हा दोघांचाच नव्हता. ती सगळ्यांत लहान आणि तिलाही आमच्यावर विश्वास ठेवायला जागा दिसली नव्हती. मॅडमनी ट्रे उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुला ते दात खाताना ऐकू आले, हे चांगलं झालं. पण आता हे ससे आपल्याला काहीच सांगू शकत नाहीत. ज्यांच्यासाठी तू केलंस, त्यांच्या जखमा फुकट गेल्या. आणि हा प्रयोग पुन्हा करावा लागला, तर नव्या सशांना जखमा होतील. ते कुणामुळं?"

मुलगी खाली बसली. ती रडली नाही. मला वाटतं रडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

प्राचार्यांचं मत तिला कार्यक्रमातून काढावं असं पडलं. मी त्याला विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. मॅडमनी मात्र हट्ट धरला की तिनं समितीपुढं स्वतः उभं राहून सांगावं, मग ठरवा. बैठकीच्या दिवशी तिचे आप्पाही आले. तिनंच फोन करून सगळं सांगितलं होतं.

बैठकीआधी व्हरांड्यात आप्पा मला म्हणाले, "सर, मुक्या जनावराला पाला लावला, ह्यात गुन्हा काय झाला?"

मी उत्तर द्यायच्या आत मुलगीच म्हणाली, "आप्पा, म्या लावला म्हून आता कुनालाच कळंना, जखम जेलनं भरली का पाल्यानं का आपसूक."

"मंग पाल्यानं भरती हे त कळलं की."

"तेबी न्हाई कळलं. रविवारपस्तोर कायबी लावलं नव्हतं त्यांना. आन् त्या सशांची पट्टी रोज म्याच सोडायची, त्यांनाच जास्त जपत व्हते. पाल्याचा गुन का जपन्याचा, कसं सांगनार?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे सगळं पोरीच्या डोक्यात मीच भरवलं असावं. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तुला पटायलंय का हे, का भ्याऊन बोलायलीस?"

"पटायलंय," ती म्हणाली. "पन दात खात व्हते, तेबी खरं हाय."

समितीपुढं तिनं ही दोन्ही वाक्यं तशीच सांगितली, फक्त प्रमाण मराठीत. चूक कबूल केली आणि त्याच दमात विचारलं की वेदनाशामक एकाच दिवसाचं का ठेवलं होतं. ते दोन्ही गटांना सारखंच, दुखणं थांबेपर्यंत दिलं तर तुलना बिघडत नाही. मग का नाही द्यायचं? त्या आराखड्यावर माझी सही होती. मॅडमचीही होती. मॅडम म्हणाल्या, "ते आम्ही बदलायला हवं होतं." मीही मान हलवली. आता त्या मोठेपणा दाखवतायत की खरंच तसं वाटतंय, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. मला काही सापडलं नाही.

तिला ठेवलं. पहिले ससे मारण्यात अर्थ उरला नव्हता. त्यांच्या कातडीतून काही शिकण्यासारखं नव्हतं. परवानगी घेऊन ते पहिल्या वर्षाच्या मुलांना प्राणी हाताळायला शिकवण्यासाठी ठेवले. नव्या सशांवर प्रयोग पुन्हा झाला. या वेळी दोन्ही गटांना वेदनाशामक होतं आणि मुलं पाळीपाळीनं खुर्ची टाकून गप्प बसायला शिकली. जेलनं जखमा थोड्या लवकर भरल्या. आम्हाला वाटलं होतं तेवढ्या लवकर नाही. शेवटच्या दिवशी भुलीचं औषध द्यायची पाळी बोरीच्या मुलीनं मागून घेतली. नंतर ती बाहेर जाऊन नळाखाली हात धूत राहिली, आणि मॅडम तिच्याशेजारी उभ्या होत्या.

निघताना मॅडमना मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. मी शेवटी विचारून टाकलं, "मॅडम, तुम्ही खरं कशासाठी आला होतात इथं?"

त्या म्हणाल्या, "शिकवायला." मग जरा थांबून, "तुमचा अजून विश्वास नाही ना?"

मी म्हटलं, "अर्धा आहे."

"पुरे," त्या म्हणाल्या. गाडी आली.

मुलगी पुढं हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत प्रशिक्षणाला गेली आणि तिथंच प्राण्यांची डॉक्टर म्हणून लागली. मागच्या उन्हाळ्यात दुपारी तिचा फोन आला. आवाज बारीक होता. तिथल्या एका प्रयोगात उंदरांचं वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलंय असं तिला दिसलं होतं आणि तिनं प्रयोग थांबवायला सांगितलं होतं. प्रयोग एका वरिष्ठांचा होता.

"सर, सगळे माझ्याकडं संशयानं बघायलेत. म्हणतात, हिला कुणीतरी पढवलंय."

"वजन कुणी मोजलं?" मी विचारलं.

"मीच. पुन्हा पुन्हा मोजलं."

"दुसऱ्या कुणाकडून मोजून घेतलंस?"

"नाही."

"मग घे."

तिला राग आला असावा. नीट निरोपही न घेता तिनं फोन ठेवला. नंतर मलाच वाटत राहिलं की एवढं कोरडं बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन केला. दुसऱ्या विभागातल्या माणसाकडून तिनं वजनं करून घेतली होती. तिच्या आकड्यांपेक्षा थोडी जास्त भरली, पण मर्यादेच्या खालीच होती. प्रयोग थांबवला होता.

"वरिष्ठ काय म्हणाले?"

"काही नाही. बोलत नाहीत माझ्याशी." मग तिनं परभणीत ऊन कसं आहे ते विचारलं, यंदा कॉलेजात कोण नवीन आलंय ते विचारलं. जेवलीस का म्हटल्यावर हो म्हणाली. तिच्या मागं भांड्यांचा, माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता, बहुतेक कँटीन असावं. तिच्याशी मात्र तेवढ्या वेळात कुणीच बोललं नाही.